पांढऱ्यावर पांढरं

पडद्यावर सिस्टरचा चेहरा होता, दोन हात होते, छातीला लावायचं घड्याळ होतं, कमरेचा निळा पट्टा होता आणि औषधांच्या कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा होता. मधली सिस्टर नव्हती. तिच्या जागी बारीक बारीक राखाडी-पांढऱ्या चौकटी होत्या, आणि त्या चौकटींवर हे सगळं सामान आपापली जागा न सोडता तरंगत होतं.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला, मग पडदा पुसला, मग चष्मा पुन्हा लावला. सिस्टर काही परत आली नाही.

"मास्तर, हे काय?" मागून फोटो स्टुडिओच्या धाकट्या मालकांनी विचारलं.

"बायको," मास्तर म्हणाले.

"आणि बाकीची?"

"बॅकग्राउंडबरोबर गेली."

धाकटे मालक पडद्याजवळ वाकले. मग किल्ल्या फार स्पष्ट आल्यात असं म्हणून आत गेले.

त्या चौकटींचं असं आहे, की संगणकाला 'इथं काहीच नाही' हे सांगायचं असलं की तो चौकटी दाखवतो. रिकामं म्हणून पांढरं दाखवलं तर लोक म्हणतात पांढरं आहे, काळं दाखवलं तर म्हणतात काळं आहे. काहीच नाही हे माणसाला पटवायला बरंच काही दाखवावं लागतं. मास्तर हे नव्यानं शिकत होते तेव्हा त्यांनी एक फोटो चौकटींसकट छापून गिऱ्हाइकाच्या हातात दिला होता, आणि गिऱ्हाईक मागची फरशी छान आलीय म्हणून खूश होऊन गेलं होतं.

स्टुडिओत मास्तरांचं काम एकच. माणसाला त्याच्या मागच्या गोष्टींपासून सोडवायचं. थोरल्या मालकांच्या काळात ते हे काम कात्रीनं आणि ब्लेडनं करत. कुणाचा फोटो भिंतीवर लावायचा असला आणि तो नेमका बारा जणांच्या घोळक्यातला असला, की मास्तर त्या माणसाला घोळक्यातून अलगद कापून काढत, कोऱ्या कागदावर चिकटवत आणि ब्रशनं त्याला नवीन खांदे देत. घरच्या फोटोतून भांडलेले जावई काढून द्यायचं कामही त्यांच्याकडेच येई. कापलेले जावई मास्तर कधी फेकत नसत, टेबलाच्या खणात जपून ठेवत. संसाराचं काही सांगता येत नाही. दोन जावई पुन्हा चिकटवून द्यावे लागलेच, त्यातला एक तर घाईघाईत चुकीच्या मुलीशेजारी.

पुढं कात्री गेली आणि माऊस आला. माऊसही मास्तरांनी पचवला. आता मात्र मोबाइलवर बोट ठेवलं की मागचं सगळं आपोआप गायब व्हायचं, आणि मास्तरांकडे फक्त ॲपनं नासवलेली माणसं यायची: कान गेलेली, केस गेलेली, काखेतल्या फटीतून दुसऱ्याचं पोट दिसत असलेली. मास्तर त्यांना दुरुस्त करून घरी पाठवत. धाकटे मालक त्यांच्या टेबलाला अपघात विभाग म्हणत, आणि मास्तरांची बायको खऱ्याखुऱ्या अपघात विभागातून वॉर्डात आलेली नर्स असल्यानं हा विनोद दोन्ही घरांत बरीच वर्षं चालला होता.

तिला सगळी गल्ली सिस्टर म्हणायची. गल्लीचं ऐकून ऐकून मास्तरही म्हणू लागले होते. नव्या माणसासमोर मात्र ते जपून बोलत, कारण 'ही आमची सिस्टर, म्हणजे बायको' हे वाक्य कसंही म्हटलं तरी समोरचा माणूस खुर्ची थोडी मागं घेतो.

तर ही सिस्टर शुक्रवारी मुख्य नर्स म्हणून निवृत्त होणार होती. तिच्या इस्पितळात कचेरीबाहेर एक लांब व्हरांडा आहे, आणि आजवर तिथून निवृत्त झालेल्या सगळ्या मुख्य नर्सेसचे फोटो त्याच्या भिंतीवर ओळीनं लावलेले आहेत. नवीन अधीक्षक आले आणि ती ओळ बघून त्यांना कसंसंच झालं. कुणामागे पडदा, कुणामागे कुंडी, एकीच्या मागे तर अर्धा वॉर्डबॉय. त्यांनी हुकूम काढला की सगळ्यांची मागची बाजू काढून टाकावी आणि सगळ्यांमागे एकच फिकट निळा रंग भरावा. हुकूम हेडक्लार्ककडे गेला. हेडक्लार्कनं मोबाइलवर ॲप उतरवून घेतलं आणि उत्साहानं कामाला लागला. पडदा गेला, कुंडी गेली, वॉर्डबॉयचा उरलेला अर्धा गेला. शेवटी सिस्टरचा फोटो आला. तो होता पांढऱ्या गणवेशातला, आणि काढलेला होता वॉर्डाच्या पांढऱ्या भिंतीसमोर. ॲपनं भिंत पुसली. त्यातली भिंत कुठं संपते आणि बाई कुठं सुरू होते हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. हेडक्लार्कनं जे उरलं ते मास्तरांकडे पाठवून दिलं आणि खाली निरोप ठेवला की बाकी ओके आहे, जरा कपडे भरून द्या.

सरळ दुसरा फोटो काढावा, तर त्यात एक अडचण होती. इस्पितळानं गणवेश बदलला होता. आता सगळ्या नर्सेस गडद निळ्या रंगाचा, भरपूर खिशांचा सदरा-विजार घालत, आणि त्यात आपण लिफ्ट दुरुस्त करायला आल्यासारख्या दिसतो असं सिस्टरचं मत होतं. पांढरे गणवेश तिनं फाडून त्यांची फडकी केली होती. त्यातलंच एक स्टुडिओत होतं. मघाशी मास्तरांनी चष्मा आणि पडदा पुसला तो त्यानंच. पांढऱ्या गणवेशातला तिचा फोटो म्हणाल तर हा एकच, तोही बरा होऊन घरी निघालेल्या एका पेशंटनं जाता जाता मोबाइलवर काढून तिला पाठवलेला. गावातल्या निम्म्या लोकांचे फोटो मास्तरांच्या हाताखालून गेले होते, पण बायकोचा गणवेशातला फोटो त्यांनी कधी काढला नव्हता. ती घरी आली की आधी गणवेश उतरवायची, आणि मास्तर घरी येताना कॅमेरा स्टुडिओतच ठेवून यायचे.

संध्याकाळी मास्तर घरी गेले तेव्हा सिस्टर गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसली होती. ड्यूटीवरून आल्यावर अर्धा तास ती बादली आणि ती, असं असायचं, आणि त्या अर्ध्या तासात घराला आग लागली तरी तिला विचारून लागावी असा दंडक होता. मास्तरांनी धीर करून मोबाइल तिच्यापुढं धरला. तिनं तो हातभर लांब नेऊन बघितला, जवळ आणून बघितला.

"ओळखू येतेय की," ती म्हणाली. "पेशंटला एवढंच दिसतं. हात, घड्याळ, किल्ल्या."

मास्तरांना वाटलं, प्रकरण हसण्यावारी गेलं. त्यांनी मग धंद्यातला हुकमी उपाय सांगितला. त्यांच्याकडे संगणकात काही चांगली धडं साठवलेली होती. त्यातलं एक पांढऱ्या कोटातलं होतं, अगदी मापाचं. मानेपाशी जोड दिला की झालं.

"कुणाचं आहे?" सिस्टरनं विचारलं.

"दातांच्या डॉक्टरीणबाईंचं. बांधा तुझ्यासारखाच आहे."

सिस्टरनं बादलीतून एक पाय काढला, पुसला, आणि तो जमिनीवर न ठेवता पुन्हा बादलीत सोडला. मास्तरांना ही खूण माहीत होती. यानंतर जे येतं ते हळू आवाजात येतं.

"नोकरीला लागले त्या दिवशी त्या व्हरांड्यात माझ्या हातून ट्रे पडला होता. सगळ्या काचेच्या सिरिंजा. खाली बसून वेचत होते, आणि वर बघितलं तर त्या सगळ्याजणी भिंतीवरून माझ्याकडे बघतायत. एकीच्याही चेहऱ्यावर दया नाही." तिनं बादलीतलं पाणी पायानं ढवळलं. "तेव्हाच ठरवलं होतं, एक दिवस आपणही तिथून असंच बघायचं. पांढऱ्यात. मला दुसरं काही नको त्यांच्याकडून, फुलं नकोत, घड्याळ नको. आणि दातांच्या डॉक्टरणीचं धड तर अजिबात नको. माझं मला जमणार नसेल तर खिळा रिकामा राहू दे."

मास्तर म्हणाले, बघतो. त्यांच्या धंद्यात 'बघतो' म्हणजे नाही. पण तिच्याशी ते धंद्यातलं बोलत नव्हते, आणि हे त्यांचं त्यांनाच जरा उशिरा कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मास्तर पांढऱ्यावर पांढरं शोधायला बसले. त्यांनी सिस्टरच्या मोबाइलमधून घेतलेला मूळ फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, एवढा की पडद्यावर नुसतं दूध सांडल्यासारखं दिसू लागलं. मग उजेड कमी केला, गडदपणा वाढवला. हळूहळू दुधात सावल्या उमटल्या. गळपट्टीची कड आली, टोपीची घडी आली, उजव्या खांद्याखाली एक राखाडी रेघ आली, मांजराच्या मिशीएवढी. मास्तर त्या रेघेला धरून निघाले. संगणकातल्या पेनानं ते टिंबामागून टिंब टाकत गेले, मानेपासून खांद्यावर, खांद्यावरून बाहीवर, बाहीवरून कोपरापर्यंत. दुपारपर्यंत उजवी सिस्टर तयार झाली. धाकटे मालक चहा घेऊन आले तेव्हा ती अर्धीच भिंतीतून बाहेर पडत असल्यासारखी दिसत होती.

"दुसरी बाजू?" मालकांनी विचारलं.

दुसऱ्या बाजूला रेघच नव्हती. तिच्या डाव्या अंगाला वॉर्डाची खिडकी होती, आणि खिडकीतून आलेल्या उन्हानं डाव्या खांद्याचा सगळा मागमूस पुसून टाकला होता. किती गडद करा, तिथं उजेडच. मान दिसत होती, आणि एकदम खाली बाहीतून बाहेर आलेला हात. मधला प्रदेश बेपत्ता.

मास्तर घाबरले नाहीत. अशा वेळी काय करायचं हे त्यांनी कात्रीच्या काळापासून ठरवलेलं होतं. त्यांनी उजवा खांदा उचलला, आरशात धरावा तसा उलटा केला आणि डाव्या बाजूला आणून ठेवला. निसर्गानं माणसाच्या दोन्ही बाजू सारख्या केल्या आहेत असं फोटोवाल्यांचं मत आहे, आणि निसर्गाला ते कधी कुणी विचारायला गेलेलं नाही. खांदा झकास बसला. फक्त खालचा हात त्याला पोचेना. बोटाच्या पेराएवढी फट राहिली. मास्तरांनी डावी बाही ओढून थोडी लांब केली आणि इस्पितळाचे शिंपी काही सारख्या बाह्या शिवत नाहीत असं स्वतःला समजावलं. मग मागं फिकट निळा रंग भरला.

त्या निळ्यावर सिस्टर उभी राहिली, अखंड, पांढरीशुभ्र. मास्तर खुर्चीत मागं टेकले. त्यांनी धाकट्या मालकांना हाक मारली, शेजारच्या चष्मेवाल्याला हाक मारली. चष्मेवाला म्हणाला, वहिनी म्हणजे अगदी नोटेवर छापाव्यात अशा आल्यात. मास्तर विनयानं काही नाही म्हणाले, आणि चष्मेवाल्यानं पुन्हा म्हणावं म्हणून थोडा वेळ थांबले.

त्या संध्याकाळी ते छापलेला फोटो पाकिटात घालून जवळजवळ धावतच घरी गेले. सिस्टर बादलीतच होती. तिनं हात पुसून फोटो घेतला आणि बघत राहिली. मास्तर कौतुकाची वाट बघत उभे राहिले. वाट बघता बघता त्यांनी खुर्ची सरकवली, बसले, उठले.

"चांगला आहे," सिस्टर म्हणाली.

हा 'चांगला' मास्तरांना माहीत होता. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी आणलेल्या पडद्यांना तिनं असंच चांगलं म्हटलं होतं, आणि ते पडदे पुढं कधी लागलेच नाहीत.

"काय झालं?"

"हा डावा खांदा कुणाचा?"

"तुझाच. उजवा उलटा करून लावलाय."

"म्हणूनच," ती म्हणाली. "माझा असा नाही."

मास्तरांना आधी राग आला. ज्या खांद्याशेजारी आपण इतकी वर्षं झोपतो तो कसा आहे हे आपल्याला माहीत नसेल का, असं काहीसं ते बोलले. सिस्टर बादलीतून उठली, ओल्या पायांनी कपाटाच्या आरशासमोर गेली, आणि हात खाली सोडून उभी राहिली. फरशीवर तिच्या पावलांचे ओले ठसे उमटले. मास्तर तिच्या मागं जाऊन उभे राहिले. आरशात बघितलं, मग आरसा वाकडा लागला असेल म्हणून कपाटाच्या खाली बघितलं, मग पुन्हा आरशात.

डावा खांदा खाली होता. चांगला दोन बोटं.

"हे कधी झालं?"

"एका दिवसात होतं का? पेशंटला उठवून बसवायचं म्हणजे तो कुठं धरणार? उजव्या हातात सलाईनची बाटली, दार त्याच हातानं उघडायचं. मग सगळे डावीकडे. संडासला नेताना डावीकडे, चालायला शिकवताना डावीकडे. बारीक माणसं आधी हळूच टेकतात, लाजतात. जाड माणसं सरळ लटकतात." तिनं आरशातूनच त्यांच्याकडे बघितलं. "तुमचं ऑपरेशन झालं तेव्हा तुम्हीपण लटकला होतात. मोजत होता पावलं. खिडकीपर्यंत नेलं तर म्हणालात, पुरे, उद्या."

मास्तरांना खिडकी आठवली. खांदा आठवेना. त्यांना एवढंच आठवलं की काहीतरी होतं, आणि ते पडलं नाही.

"मला कधी दिसलं नाही," ते म्हणाले.

"तुम्ही कायम माझ्या डावीकडून चालता. तिथून काय दिसणार?"

हे तिनं तक्रारीच्या सुरात म्हटलं नव्हतं. औषध जेवणानंतर घ्यायचं हे सांगावं तसं म्हटलं होतं. फोटो तिनं पाकिटात घालून त्यांच्या हातात परत दिला आणि म्हणाली, वेळ नसेल तर राहू दे, वाईट नाहीये तो. पण तिनं बादलीतलं पाणी ओतून दिलं, अर्धा तास व्हायच्या आधीच, आणि ते मास्तरांना दिसलं.

गुरुवारी दुपारी, ड्यूटी संपवून, सिस्टर स्टुडिओत आली. मास्तरांनीच बोलावलं होतं. ती आली ती निळ्या गणवेशात, खांद्याला पिशवी, आणि दारातच म्हणाली की कुठली लिफ्ट बंद आहे. धाकट्या मालकांनी तिला बसायला खुर्ची दिली. मास्तर म्हणाले, बसायचं नाही, उभं राहायचं. त्यांनी तिला संगणकाशेजारी, अशा जागी उभं केलं की मान थोडी वळवली की ती दिसावी आणि पुन्हा वळवली की फोटोतली ती. निळ्या रंगात खांद्याची कड नीट दिसेना म्हणून त्यांनी टेबलावरचं पांढरं फडकं उचललं, झटकलं आणि तिच्या डाव्या खांद्यावर टाकलं.

सिस्टरनं फडक्याची कड चिमटीत धरून बघितली.

"हा माझा तो लांब बाह्यांचा."

"हं."

"बरं पुसतो का?"

"रेघ उठत नाही काचेवर," मास्तर म्हणाले, आणि सवयीनं, आयुष्यभर त्या खोलीत उभ्या राहिलेल्या प्रत्येक माणसाला म्हणत आले तसं, म्हणाले, "हनुवटी जरा खाली. डावा खांदा किंचित वर..."

ते थांबले. धाकटे मालक हसू दाबत चहा सांगायला बाहेर गेले, आणि चहा सांगायला जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट उशिरा परत आले.

मास्तरांनी उलटा करून लावलेला खांदा पुसून टाकला. तिथं पुन्हा चौकटी आल्या. मग त्यांनी ओढून लांब केलेली बाही परत होती तेवढी केली, आणि त्यांच्या लक्षात आलं की फोटोतला हात पहिल्यापासून बरोबर जागी होता. खाली, जिथं तो असायला हवा तिथं. बिचारा सांगत होता, आणि त्यांनी शिंप्याला दोष देऊन त्याची बाही ओढली होती. आता ते हातापासून वर निघाले. एक टिंब टाकायचं, मान वळवून तिच्याकडे बघायचं, टिंब हलवायचं. फडकं खांद्यावरून जसं उतरत होतं तशी रेघ उतरवायची. मानेपासून खांदा सुरुवातीला उजव्यासारखाच निघायचा, आणि मग मध्यावर, जिथं माणसाचा हात पडतो तिथं, त्याला एक बसकी जागा होती. ती जागा मास्तरांच्या पेनाला जमेना. टिंबं कमी टाकली तर खांदा सरळ व्हायचा, जास्त टाकली तर खड्डा पडायचा.

"हलू नकोस," ते म्हणाले.

"मी हलत नाहीये. तुम्ही मान इतकी वळवताय की उद्या तुमचीच वाकडी होईल. मग ती कोण काढणार?"

"तू बोलू पण नकोस."

शेवटी मास्तर उठले, तिच्याजवळ गेले आणि फडक्यावरून, त्या बसक्या जागेवर, त्यांनी हात ठेवला. टेकला नाही, नुसता ठेवला. हात तिथं आपोआप बसला, तळवा आणि चारही बोटं, जणू जागा त्याच्याच मापानं केली होती. मास्तर तसेच थोडा वेळ उभे राहिले. सिस्टर समोर भिंतीकडे बघत होती. पेशंट टेकला की ती अशीच समोर बघायची, त्याला ओशाळं वाटू नये म्हणून. हे मात्र मास्तरांना ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं तिला घरी जायची घाई आहे.

ते परत येऊन बसले आणि ती रेघ त्यांनी एका दमात काढली.

शुक्रवारचा समारंभ अशा समारंभांसारखाच झाला. अधीक्षकांनी सिस्टरच्या सेवेचा गौरव केला आणि भाषणात दोनदा तिच्या जागी तिच्या आधीच्या सिस्टरचा उल्लेख केला. एका तरुण नर्सला बोलायचं होतं पण तिला रडू आलं, म्हणून तिच्या वाटचंही अधीक्षकच बोलले. मग सगळे व्हरांड्यात आले. ओळीच्या शेवटी खिळा ठोकलेलाच होता. हेडक्लार्कनं फ्रेम लावली, दोन पावलं मागं येऊन बघितली, पुढं होऊन एक कोपरा वर उचलला, पुन्हा मागं आला आणि आता ठीक आहे अशा अर्थी मान हलवली. आता दोन्ही खांदे एका रेषेत होते आणि फ्रेम वाकडी होती.

सिस्टरनं हातातली फुलं वॉर्डातल्या मावशींकडे दिली. ती पुढं गेली आणि सलाईनचा स्टँड सरकवावा तशी, एका बोटानं, फ्रेम सरळ केली.

"सिस्टर, फोटो कलतोय," हेडक्लार्क अदबीनं म्हणाला.

"फोटो सरळ आहे," सिस्टर म्हणाली. "मी कलतेय."

हेडक्लार्कनं फोटोकडे बघितलं, मग सिस्टरकडे, मग पुन्हा फोटोकडे. मावशी फुलं छातीशी धरून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे साहेब. आमच्या सिस्टर अशाच आहेत. मी मागून ओळखते त्यांना." मग त्यांनी फुलं एका हातात घेऊन दुसऱ्या हातानं पदर घेऊन फ्रेमची काच पुसली, आणि पुसताना फ्रेम पुन्हा थोडी हलली, ती त्यांनीच नीट केली.

मास्तर मागं उभे होते. त्यांना फोटोतली रेघ तपासायची होती, पण व्हरांड्यातला उजेड काचेवर पडत होता. निळ्यावर पांढरी सिस्टर दिसत होती, टोपी, घड्याळ, पट्टा, किल्ल्या. ओळीतल्या बाकीच्या सगळ्याजणी खाली बघत होत्या तशीच तीही बघत होती. तिच्या चेहऱ्यावर दया होती की नव्हती हे मास्तरांना ठरवता आलं नाही. पेशंटनं फोटो काढला तेव्हा ती त्याला बहुतेक लवकर घरी जा असंच सांगत असावी.

घरी ते चालतच निघाले. सिस्टरच्या खांद्याला तिची पिशवी होती, आज नेहमीपेक्षा फुगलेली. कपाटातलं सगळं, चपला, डबा, पाणी प्यायचा पेला, त्यात कोंबलं होतं. मास्तर तिच्या डाव्या बाजूनं चालत होते. कोपऱ्यावरच्या बंद दुकानापाशी ते एकाएकी मागं राहिले, तिच्या मागून वळसा घालून पुढं आले आणि तिच्या उजवीकडून चालू लागले.

सिस्टरनं पिशवी सावरली.

"आता हा खांदा पण पाडायचा का?" तिनं विचारलं.

मास्तरांनी तिच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्याला लावली. ती त्यांच्या अंदाजापेक्षा खूप जड निघाली. ते थोडे वाकले, पण थांबले नाहीत. रस्ता ओलांडायची वेळ आली तेव्हा सिस्टरनं सवयीनं डावा हात पुढं केला. तिकडे कुणी नव्हतं. मग तो हात तिनं खाली घेतला आणि उजव्या हातानं मास्तरांचा दंड धरला.